कोवळ्या हातांतील रॅकेट

पूज्य गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झाले, राज्यघटना झाली, अवकाशविज्ञानही झाले. खेळ हा विषय मात्र कोणी निवडला नव्हता. गुरुजी गणिताचे शिक्षक. पण सायंकाळी पाच वाजता गळ्यात शिट्टी अडकवून ते मैदानावर हजर असत. त्यामुळे हा विषय त्यांना परका वाटला नसता, अशी माझी समजूत आहे. निमित्त मात्र निराळेच घडले. गेल्या दिवाळीत शाळेचे एक माजी विद्यार्थी घरी आले. त्यांची कन्या तेरा वर्षांची, आठवीत शिकणारी. चौदा वर्षांखालील गटात राज्यपातळीवर टेनिसच्या दोन स्पर्धा तिने जिंकलेल्या. तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे, की आता शाळा सोडून तिला पूर्णवेळ अकादमीत घालावे, परदेशी स्पर्धांना न्यावे; दहावीची परीक्षा बाहेरून देता येईल. गृहस्थांनी मला विचारले, "सर, काय करू?" त्या सायंकाळी मला धड उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन म्हणजे त्या प्रश्नाचे सावकाशीने शोधलेले उत्तर होय.

जगातील कुमार टेनिसची व्यवस्था कशी चालते याची कल्पना आपल्याकडे फारच थोड्या पालकांना असते. मुलगा किंवा मुलगी त्या व्यवस्थेत शिरल्यावर खर्चाच्या वहीतून ती हळूहळू उलगडत जाते. म्हणून आधी इतिहास थोडक्यात पाहू.

विम्बल्डनच्या हिरवळीवर मुलामुलींच्या एकेरी स्पर्धा १९४७ मध्ये सुरू झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेत मायामी बीच येथे 'ऑरेंज बोल' ही कुमारांची स्पर्धा भरू लागली. त्या काळी कुमार खेळाडूने परदेशी जाणे ही अपूर्वाईची गोष्ट होती. वर्षाकाठी एखादा बोटीचा प्रवास घडला तर घडला. बाकी सारे शिक्षण घरी, वडिलांच्या किंवा क्लबातील एखाद्या वडीलधाऱ्याच्या हाताखाली चाले. १९५४ मध्ये रामनाथन कृष्णन यांनी अ‍ॅशले कूपर या ऑस्ट्रेलियन मुलाला हरवून विम्बल्डनचे कुमार विजेतेपद मिळवले, तेव्हा तो मान मिळवणारे ते पहिले आशियाई ठरले. त्यांचे गुरू म्हणजे त्यांचे वडीलच. पुढे १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले. १९७९ मध्ये त्यांचे चिरंजीव रमेश यांनी तेच कुमार विजेतेपद घरी आणले. तीन पिढ्यांचे हे घराणे गाण्याच्या घराण्यासारखेच वाटते. तालीम घरची, आणि शैलीवर घराची मोहोर.

१९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने कुमारांसाठी स्पर्धांची एक साखळी आखली. आरंभी तिच्यात अवघ्या नऊ स्पर्धा होत्या. आज त्या वर्षाला शेकडो भरतात आणि शंभराहून अधिक देशांत पसरल्या आहेत. महासंघाने चौदा वर्षांखालील मुलामुलींसाठी १९९१ पासून सांघिक स्पर्धाही सुरू केली. तिची अंतिम फेरी अनेक वर्षे चेक प्रजासत्ताकातील प्रोस्तेयोव्ह या लहानशा गावी होत आली आहे. फ्रान्समध्ये तार्ब या गावी १९८३ पासून चौदा वर्षांखालील मुलांची 'ले पेतीझास' ही स्पर्धा भरते. तिला मुलांचे विम्बल्डन म्हटले तरी चालेल. अशा रीतीने जे घराघरांत चालत होते त्याला वेळापत्रक आले, नकाशा आला, आणि मुख्य म्हणजे गुण आले.

या गुणांचे गणित गुरुजींना आवडले असते. साखळीतील स्पर्धांच्या श्रेणी आहेत आणि २०२३ पासून त्यांची नावे सोपी झाली आहेत: जे-३०, जे-६०, जे-१००, जे-२००, जे-३०० आणि जे-५००. जितका आकडा तितके एकेरीच्या विजेत्याला गुण. त्यांच्या वर चार महास्पर्धांचे कुमार गट. तेथील विजेत्याला १००० गुण मिळतात. खेळाडूचे मागील ५२ आठवड्यांतील सर्वोत्तम सहा एकेरी निकाल धरायचे, त्यांत सर्वोत्तम सहा दुहेरी निकालांचा चौथा हिस्सा मिळवायचा. ती बेरीज म्हणजे त्याची जागतिक क्रमवारी. आता नीट पाहा. आपल्या घराजवळच्या सहा जे-३० स्पर्धा एखाद्या मुलीने सर्वच्या सर्व जिंकल्या, तरी तिच्या एकेरीच्या खाती १८० गुण जमतात. दुसरी एखादी मुलगी एकच जे-३०० स्पर्धा जिंकते आणि ३०० गुण घेऊन तिच्या पुष्कळ पुढे निघून जाते. मोठ्या श्रेणीच्या स्पर्धेत प्रवेश मिळतो तो क्रमवारीवर. क्रमवारी मिळते ती मोठ्या स्पर्धांतील गुणांवर. शिवाय मिळवलेला प्रत्येक गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतो. म्हणजे ही शिडी सरकत्या पायऱ्यांची आहे. जागच्या जागी राहायचे असेल तरी पाय हालवत राहावे लागतात.

सहाच निकाल धरायचे, या नियमामागचा हेतू चांगला होता. मुलांनी दर आठवड्याला खेळू नये, थोडे खेळावे आणि चांगले खेळावे, असा तो हेतू. प्रत्यक्षात पालक हिशेब करतात, की आणखी एक स्पर्धा खेळली तर सहातील सर्वांत कमकुवत निकाल बदलता येईल. मग आणखी एक. या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम नसते, हेही येथे सांगून ठेवले पाहिजे. विमानाचे भाडे, निवास, प्रवेशशुल्क, बरोबर जाणाऱ्या पालकाचा किंवा प्रशिक्षकाचा खर्च, हे सर्व घरातून जाते. महास्पर्धांच्या पैशातून १९८६ मध्ये उभारलेला एक विकासनिधी आहे; तो गरीब देशांतील निवडक मुलांना प्रवासाला मदत करतो. पण ती निवडक मुले झाली. बाकीच्यांसाठी ही शिडी कोणाच्या दाराशी लावलेली आहे हे उघड आहे.

यातून दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. गुण मुलाला अधिक खेळायला लावतात, आणि मुलाचे वय त्याला कमी खेळायला सांगते. वयाच्या बाजूने कोणी उभे राहायचे, हा गेल्या तीसएक वर्षांतला खरा प्रश्न आहे, आणि तो एका मुलीमुळे ऐरणीवर आला.

जेनिफर कॅप्रियाटी ही अमेरिकेची मुलगी मार्च १९९० मध्ये व्यावसायिक खेळाडू झाली, तेव्हा तिला चौदावे वर्ष पूर्ण व्हायला काही आठवडे उरले होते. पहिल्याच स्पर्धेत ती अंतिम फेरीत पोहोचली. त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेची उपान्त्य फेरी गाठली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तिने स्टेफी ग्राफला हरवून सुवर्णपदक मिळवले. तोवर जाहिरातींचे करार झाले होते, मासिकांच्या मुखपृष्ठांवर तिची छायाचित्रे आली होती. १९९३ अखेर ती खेळापासून दूर झाली, आणि १९९४ मध्ये अमली पदार्थ बाळगल्याबद्दल तिला अटक झाल्याची बातमी जगभर छापली गेली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिच्या आधीही अशी उदाहरणे घडली होती, पण त्यांत शरीराने दगा दिला होता. ट्रेसी ऑस्टिनने १९७९ मध्ये सोळाव्या वर्षी अमेरिकन स्पर्धा जिंकली आणि विशीच्या उंबरठ्यावर पाठीच्या दुखण्याने तिचा खेळ संपत आला. अँड्रिया जेगर चौदाव्या वर्षी व्यावसायिक झाली, दोन महास्पर्धांच्या अंतिम फेऱ्या खेळली, आणि एकोणिसाव्या वर्षी खांद्याने तिला थांबवले. शरीराची दुखापत झाली की आपण हळहळतो आणि पुढे जातो. कॅप्रियाटीच्या बाबतीत मात्र सर्वांना स्वतःकडे पाहावे लागले.

महिला टेनिस संघटनेने डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि जुन्या खेळाडूंना घेऊन एक समिती नेमली आणि १९९५ पासून वयाचा नियम लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलीने व्यावसायिक स्पर्धा खेळायची नाही. चौदाव्या वर्षी मोजक्याच खेळायच्या, मग दरवर्षी संख्या थोडी वाढवत जायची, आणि अठराव्या वर्षी बंधन संपायचे. पुरुषांच्या संघटनेतही चौदाखालील मुलांना प्रवेश नाही आणि पुढील दोन वर्षे संख्येवर मर्यादा आहे. कुमारांच्या साखळीतही तेरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय खेळता येत नाही, आणि वर्षात किती स्पर्धा खेळायच्या याला लहान वयात वयानुसार कमाल मर्यादा आहे. दहा वर्षांनी आढावा घेतला, तेव्हा एकविशीच्या आत खेळ सोडून देणाऱ्या मुलींचे प्रमाण घटलेले आढळले. कॅप्रियाटी स्वतः १९९६ मध्ये परतली. २००१ मध्ये तिने ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ऑस्ट्रेलियन. पहिल्या यशानंतर पहिल्या महाविजयापर्यंत अकरा वर्षे गेली. तो परतीचा प्रवास मला तिच्या ऑलिंपिक पदकापेक्षा मोठा वाटतो.

या नियमावर टीका करणारेही होते, आणि त्यांच्याकडे एक भक्कम उदाहरण होते. मार्टिना हिंगिस या स्विस मुलीने १९९३ मध्ये बाराव्या वर्षी फ्रेंच स्पर्धेचे कुमारी विजेतेपद मिळवले. नियम लागू होण्यापूर्वी, ऑक्टोबर १९९४ मध्ये, चौदावे वर्ष पूर्ण होताच ती व्यावसायिक झाली. १९९७ मध्ये तिने चारांपैकी तीन महास्पर्धा जिंकल्या आणि सोळाव्या वर्षी ती जगात पहिली आली. असे असताना मुलींना अडवायचे कशाला, असा सवाल केला जाई. पण हीच हिंगिस २००३ मध्ये, बावीस वर्षांची असताना, घोट्याच्या दुखापतींमुळे निवृत्त झाली. ती पुढे परत आली आणि दुहेरीत दीर्घकाळ खेळली. आपल्या शहराशी तिचे नाते त्यातूनच जुळले, त्याकडे मी नंतर येतो.

वयाची मर्यादा कागदावर घालता येते. शरीराची मर्यादा कागदाला विचारत नाही. सर्व्हिस करताना खेळाडू कंबर मागे वाकवतो, पीळ देतो आणि झटक्याने सोडतो. प्रौढाच्या मणक्याला हे झेपते. वाढत्या वयाच्या मणक्यातील हाड अजून पुरते घट्ट झालेले नसते. २००७ मध्ये ब्रिटिश वैद्यांनी उच्च पातळीवर खेळणाऱ्या ३३ कुमार टेनिसपटूंच्या कमरेच्या मणक्यांची चुंबकीय प्रतिमाचाचणी प्रसिद्ध केली. यांपैकी एकाही मुलाची पाठीबद्दल तक्रार नव्हती. तरी २८ जणांच्या मणक्यांत काही ना काही दोष आढळला. दुखत नाही याचा अर्थ ठीक आहे असा नव्हे, हे त्या तपासणीने दाखवून दिले. आपल्याकडे मात्र उलट रीत दिसते. मुलगी दुखते म्हणाली तर प्रथम तिच्या जिद्दीविषयी शंका घेतली जाते.

दुसरा भाग मला फार आवडतो, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. टेनिसचे कोर्ट २३.७७ मीटर लांबीचे, जाळे मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच, आणि चेंडू असा की जमिनीवर आपटून सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून उडावा. पिढ्यान् पिढ्या आपण मुलांना या कोर्टावर उभे केले. चेंडू खांद्याच्या वर येतो म्हणून मूल रॅकेट विचित्र धरते, मागे मागे सरकते, आणि ती पकड मग जन्मभर सुटत नाही. पहिलीतल्या मुलाला मोठ्यांच्या बाकावर बसवून अक्षर चांगले काढ म्हणण्यासारखाच हा प्रकार. युरोपात काही देशांनी लहान कोर्ट आणि मऊ चेंडू आधीपासून वापरात आणले होते. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने ते जगभर नेण्याची मोहीम काढली, आणि २०१२ पासून खेळाचा नियमच बदलला. दहा वर्षांखालील स्पर्धांत आता नेहमीचा पिवळा चेंडू चालत नाही. सर्वांत लहानांसाठी लाल चेंडू. तो नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के संथ. मग नारिंगी, ५० टक्के संथ. मग हिरवा, २५ टक्के संथ. लाल चेंडूचे कोर्ट साधारण ११ ते १२ मीटरांचे, नारिंगीचे १८ मीटरांचे. लाल कोर्ट बॅडमिंटनच्या कोर्टाहून किंचित लहान भरते, म्हणजे ते आपल्या शाळेच्या आवारात आजच आहे. जाळे तेवढे ८० सेंटिमीटरवर उतरवावे लागेल. एखाद्या खेळाने मुलाला आपल्या मापाचे करण्याऐवजी स्वतःला मुलाच्या मापाचे करून घेतले, असे फार क्वचित घडते. वयाचा नियम पुष्कळांना ठाऊक असतो. चेंडूचा हा नियम ठाऊक नसतो. मला तर दुसऱ्याचे महत्त्व अधिक वाटते.

वयोगटांचा विषय निघालाच आहे तर एक उपकथा. कुमारांचे वयोगट जन्मवर्षावर ठरतात. जानेवारीत जन्मलेले मूल आणि डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात उभे राहतात. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे चार बोटे उंची आणि बराच जोर. म्हणूनच वरच्या कुमारांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीतले जन्म प्रमाणाबाहेर दिसतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. आपल्या जुन्या शाळांतून गुरुजी प्रवेशाच्या वेळी सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहीत; त्या न्यायाने आपली अख्खी पिढी एकाच दिवशी जन्मली! त्यातील विनोद सोडून दिला, तरी मुद्दा राहतो. बाराव्या वर्षी जिंकणारे मूल पुष्कळदा केवळ लवकर वाढलेले असते, आणि हरणारे उशिरा वाढणारे. निवड करणाऱ्यांना तेवढा धीर नसतो.

बालवयातील यश पुढे टिकते काय? विम्बल्डनच्या मुलांच्या गटात १९४७ पासून जे जिंकले, त्यांच्यापैकी पुढे पुरुषांचे विजेतेपद मिळवणारे चौघेच आहेत: ब्यॉन बोर्ग, पॅट कॅश, स्टीफन एडबर्ग आणि रॉजर फेडरर. इव्हान लेंडल १९७८ मध्ये कुमार विजेता झाला, जगात पहिला आला, पण ते मोठे विजेतेपद त्याला शेवटपर्यंत मिळाले नाही. १९६२ चा कुमार विजेता स्टॅन्ली मॅथ्यूज हा इंग्लंडच्या त्याच नावाच्या थोर फुटबॉलपटूचा मुलगा होता. टेनिसच्या इतिहासात त्याचे नाव आता शोधावे लागते. मुलींच्या बाजूला टिकलेली उदाहरणे अधिक आहेत. इगा श्विऑन्तेक २०१८ मध्ये विम्बल्डनची कुमारी विजेती होती आणि २०२५ मध्ये तिने तेथील मोठे विजेतेपद मिळवले.

१९९९ मध्ये तार्बच्या त्या मुलांच्या स्पर्धेत रिशार गास्के या फ्रेंच मुलाने राफाएल नदाल नावाच्या स्पॅनिश मुलाला उपान्त्य फेरीत हरवले. गास्के नऊ वर्षांचा असतानाच फ्रान्सच्या टेनिस मासिकाने त्याला मुखपृष्ठावर झळकवले होते. २००२ मध्ये त्याने फ्रेंच आणि अमेरिकन अशी दोन कुमार विजेतेपदे मिळवली. नदाल कुमार स्पर्धांत फार रमलाच नाही. आपल्या बेटावर, मानाकोर येथे, तो काका तोनी यांच्या हाताखाली शिकत राहिला. बार्सिलोनाला जाऊन राहण्याचा प्रस्ताव आला तेव्हा घरच्यांनी तो नाकारला. पुढे त्याने फ्रेंच स्पर्धा चौदा वेळा जिंकली. गास्के २०२५ पर्यंत खेळला, जगात सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचला, तीन महास्पर्धांच्या उपान्त्य फेऱ्या खेळला. अशा माणसाला अपयशी म्हणणे हा धडधडीत अन्याय आहे. तरी त्याच्याविषयी लिहिताना लोकांना ते मुखपृष्ठ आठवल्यावाचून राहत नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या नावावर मोठ्यांनी काढलेली ती हुंडी होती. फेड त्याला करावी लागली.

घर सोडावे की नाही, यावर मात्र एकच एक उत्तर मिळत नाही. फेडरर चौदाव्या वर्षी बासल सोडून एक्युब्लाँ येथील राष्ट्रीय केंद्रात गेला. तेथे सर्व फ्रेंच बोलणारे, हा जर्मन बोलणारा. परक्या कुटुंबात राहायचे, शनिवारी-रविवारी रेल्वेने घरी यायचे, आणि सोमवारी रडवेल्या मनाने परतायचे, असे त्याचे दिवस होते. १९९८ मध्ये तो जगातला पहिल्या क्रमांकाचा कुमार झाला. मोठ्यांचे विम्बल्डन मिळाले २००३ मध्ये. आंद्रे आगासीला वडिलांनी तेराव्या वर्षी फ्लोरिडात निक बोलेटिएरी यांच्या अकादमीत धाडले. १९७८ मध्ये निघालेली ही अकादमी वसतिशाळेच्या धर्तीवरच्या अकादम्यांची आद्य म्हणावी लागेल. आगासीने चारही महास्पर्धा जिंकल्या, आणि २००९ मधील आत्मचरित्रात या खेळाचा आपल्याला तिटकारा होता असे लिहून ठेवले. दोघेही घरापासून दूर वाढले. फेडररला परतीची रेल्वे होती, हा फरक मला लहान वाटत नाही.

आणखी एक मार्ग ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅश्ले बार्टीचा. २०११ मध्ये पंधराव्या वर्षी ती विम्बल्डनची कुमारी विजेती झाली. तीन वर्षांनी, अठरा वर्षांची असताना, तिने टेनिस बाजूला ठेवले. थकले, असे ती म्हणाली आणि चक्क क्रिकेट खेळू लागली. ब्रिस्बेन हीट संघातून ती महिलांच्या बिग बॅश स्पर्धेत उतरली. आपल्याकडे एखाद्या मुलीने असे केले असते तर काय गहजब झाला असता, याची कल्पना करावी. २०१६ मध्ये ती टेनिसकडे परतली, २०१९ मध्ये फ्रेंच आणि २०२१ मध्ये विम्बल्डन जिंकली, २०२२ च्या आरंभी आपल्याच देशातील स्पर्धा जिंकली, आणि पुढे दोन महिन्यांत, पहिल्या क्रमांकावर असताना, पंचविसाव्या वर्षी निवृत्त झाली. थांबण्याची मुभा तिने दोनदा वापरली.

आता आपल्या देशाकडे आणि आपल्या शहराकडे. लिअँडर पेस १९९० मध्ये विम्बल्डनचा कुमार विजेता झाला. मद्रासला १९८५ मध्ये अमृतराज बंधूंच्या पुढाकाराने निघालेल्या प्रशिक्षण योजनेत तो घडला. घरापासून दूर, पण शाळा चालू ठेवून. १९९६ मध्ये अटलांटाला त्याने एकेरीत कांस्यपदक मिळवले, आणि दुहेरी व मिश्र दुहेरी मिळून अठरा महाविजेतेपदे. युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेचा कुमार विजेता आणि कुमारांत जगातला पहिला होता. दुखापतींनी त्याला पुन्हा पुन्हा बसवले. २०१८ मध्ये एकेरीत तो ८३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. सोमदेव देववर्मन कुमार विजेतेपदांच्या यादीत नाही. तो अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकायला गेला, २००७ आणि २००८ अशी दोन वर्षे तेथील आंतरविद्यापीठ एकेरी विजेता झाला, पदवी घेतली आणि मग व्यावसायिक झाला. पुण्याच्या ऋतुजा भोसले आणि अर्जुन कढे यांनीही अमेरिकन विद्यापीठांचा हा मार्ग धरला. ऋतुजा भोसले यांनी २०२३ मध्ये हांगझो येथील आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. पदवी हातात, आणि खेळही गेला नाही. आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांना हा रस्ता अधिक समजण्यासारखा आहे. पण त्या वाटेला लागायचे तर शाळेचा अभ्यास सोडून चालत नाही, हे अकादमीच्या माहितीपत्रकात क्वचितच छापलेले असते.

हैदराबादेत टेनिसचे नाव घेतले की सानिया मिर्झाच डोळ्यांसमोर येते. सहाव्या वर्षी रॅकेट हाती घेतलेली ही मुलगी २००३ मध्ये रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हाबरोबर विम्बल्डनची कुमारी दुहेरी विजेती झाली. फेब्रुवारी २००५ मध्ये येथेच, लाल बहादूर मैदानाच्या टेनिस प्रांगणात, तिने महिला संघटनेची एकेरी स्पर्धा जिंकली. असे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या आठवड्यात आपल्या शाळेच्या किती मुली तास बुडवून तेथे गेल्या होत्या, हे सांगण्याची आज मुभा आहे. २००७ मध्ये ती एकेरीत २७ व्या क्रमांकावर पोहोचली. मग मनगट, शस्त्रक्रिया, आणि २०१३ मध्ये एकेरी सोडण्याचा निर्णय. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. तेव्हा तिच्या शेजारी कोर्टवर होती ती मार्टिना हिंगिस! दोघींनी मिळून २०१५ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन, आणि २०१६ च्या आरंभी ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली. एक बाराव्या वर्षी जगाने डोक्यावर घेतलेली आणि बाविसाव्या वर्षी थांबलेली. दुसरी मनगटाने एकेरीतून उठवलेली. दोघींची ती उत्तम वर्षे तिशीच्या आसपासची होती.

त्या गृहस्थांना मी अखेर काय सांगितले, ते आता सांगतो. कन्येला दहावीपर्यंत शाळेतून काढू नका. तेरावे वर्ष पूर्ण झाले आहे, तेव्हा साखळीत तिचे नाव घालायला हरकत नाही. पण पहिली दोन वर्षे देशातल्याच जे-३० आणि जे-६० स्पर्धा खेळवा. पुणे, दिल्ली, कोलकाता येथे अशा स्पर्धा भरत आल्या आहेत, आणि पुण्याला नातलगांकडे उतरता येईल. वर्षातून सलग काही आठवडे रॅकेट कपाटात राहू द्या. त्या काळात तिला खो-खो खेळू दे, पोहू दे. पाठ दुखते म्हणाली तर त्याच दिवशी सराव थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पुढची स्पर्धा गेली तर जाऊ द्या. क्रमवारीचा आकडा घरात मोठ्याने वाचू नका. सोळाव्या वर्षी ती स्वतः येऊन मला पूर्णवेळ खेळायचे आहे म्हणाली, तर त्या वेळी पुन्हा बसू. अकादमीचे प्रशिक्षक यावर खूश झाले नाहीत. त्यांची बाजूही मी समजू शकतो. दोन वर्षे थांबल्याने काही मुली खरोखरच मागे पडतात, आणि माझे म्हणणे चुकले तर त्याची किंमत मी देणार नाही, ती मुलगी देईल. हे मी त्या गृहस्थांनाही स्पष्ट सांगितले आहे.

आज ते सभागृहात आहेत. कन्या आलेली नाही. उद्यापासून तिची सहामाही परीक्षा आहे, आणि पहिला पेपर गणिताचा आहे.